पाणी शिळं होतं का?

नाताळच्या सुट्टीत जैसलमेरला जायचे ठरले तेव्हा ‘वाळूत मेलं काय बघायचं?’ असे मी म्हणून घेतलेच! पण किल्ला पाहून झाल्यावर यांनी जीप ठरवली ती थेट खुरीची. जैसलमेरच्या नैर्ऋत्येला चाळीसेक कि.मी.वरचे हे थरच्या वाळवंटातले खेडे. उतरलो एका घरातच. वाटेत खेजडीची झाडे दिसली. खेजडी म्हणजे आपण गणपतीला वाहतो ती शमी! तिच्या कोवळ्या शेंगांची, केर घातलेली भाजी रात्री बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ली.

गावाला लागूनच वाळूच्या टेकड्या. वाऱ्याच्या बाजूचा चढ सोपा असतो, पलीकडचा उभा. मी नेमकी उभ्या बाजूने निघाले. दोन पावले वर, एक खाली! मुले हसून हसून लोळली. माथ्यावर गेल्यावर मात्र सगळेच गप्प झालो. जिकडे पाहावे तिकडे वाळूच्या लाटा, आणि आवाज फक्त वाऱ्याचा. सूर्य बुडाला तशी हुडहुडी भरली.

सकाळी मी सवयीने रात्रीचे तांब्यातले पाणी अंगणात ओतले आणि ताजे मागितले. घरची सून क्षणभर त्या ओल्या वाळूकडे बघत राहिली. मग हसून म्हणाली, “दीदी, पाणी पण शिळं होतं का?”

तिने मला टांका दाखवला. जमिनीखालचे हे टाके. भोवतालच्या उतरत्या जमिनीवरचा पाऊस त्यात उतरतो. पाऊस तरी किती? वर्षाला जेमतेम २० सें.मी.! आता नळ आलाय, पण तो रुसला की टांकाच. भांडी तिने कोरड्या वाळूने घासली आणि फडक्याने पुसली. लख्ख! माझा चेहरा त्यात दिसत होता; मलाच बघवेना.

मैत्रिणींनो, जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. गरम कपडे, तोंडावर बांधायला सुती ओढणी न्या, आणि प्लॅस्टिकचा कचरा परत आणा.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी हात तांब्याकडे गेला आणि थांबला. “ताजं नाही भरलंस?” सासूबाईंनी विचारले. मी कालचे पाणी तुळशीला घातले आणि त्यांना टांक्याची गोष्ट सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी माझ्याआधीच तांब्या घेऊन तुळशीपाशी उभ्या होत्या!