परसातील कोंबड्यांना काय घालू नये?

बुलढाणा जिल्ह्यातील अनेक अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांच्या परसात पाच-दहा कोंबड्या असतात. अंड्यांच्या विक्रीतून येणारा पैसा बहुधा गृहिणीच्या हाती राहतो आणि त्यातून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा, औषधपाण्याचा किरकोळ खर्च भागतो. या कोंबड्यांसाठी खाद्य सहसा विकत आणले जात नाही. शेतात पिकलेले व घरात उरलेले त्यांच्यापुढे टाकले जाते. मात्र मका, कापूस आणि सोयाबीन या जिल्ह्यातील प्रमुख पिकांपासून मिळणारे खाद्यही योग्य काळजी न घेतल्यास पक्ष्यांना अपायकारक ठरते. जे माणसाच्या उपयोगाचे नाही ते कोंबडीला चालते, हा समज म्हणूनच दूर होणे आवश्यक आहे.

बुरशी आलेला मका

खरीप मक्याच्या काढणीच्या सुमारास परतीचा पाऊस आला की कणसे ओली राहतात व दाण्यांवर हिरवट बुरशी चढते. असे दाणे वेगळे काढून कोंबड्यांना टाकले जातात. या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात विकाराने दगावले. ब्राझीलमधून आलेल्या भुईमुगाच्या ढेपेत या विकाराचे मूळ आढळले आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला.

हे विष यकृतावर आघात करते. पिलांची वाढ खुंटते, अंडी घटतात आणि प्रतिकारशक्ती क्षीण झाल्याने लस टोचलेले पक्षीही रोगाला बळी पडू शकतात. दाणे धुतले, वाळवले किंवा शिजवले तरी तयार झालेले विष नाहीसे होत नाही. त्यामुळे बुरशी येऊ न देणे हाच खरा उपाय होय. मका कडक उन्हात वाळवून, ओलावा साधारणतः १३ टक्क्यांच्या आत आणून, जमिनीपासून उंच फळीवर साठवावा.

सरकीची ढेप व कच्चे सोयाबीन

सरकीच्या ढेपेवर म्हशी पोसतात, मग कोंबडीला ती का चालू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्य रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांच्या पोटात बऱ्याच अंशी निष्प्रभ होते. कोंबडीच्या पोटात तशी सोय नसते. तिची वाढ मंदावते आणि साठवलेल्या अंड्यातील बलक हिरवट पडून गिऱ्हाईक ती नाकारते.

कच्च्या सोयाबीनमधील घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. परंतु येथे उष्णता उपयोगी पडते. सोयाबीन नीट भाजून व भरडून इतर धान्यात थोड्या प्रमाणात मिसळल्यास ते उत्तम खाद्य ठरते.

मीठ आणि बियाणे

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद व नांदुरा तालुक्यांच्या काही भागांत, भूगर्भातील पाणीच खारट आहे. अशा ठिकाणी लोणचे, पापड किंवा खारट उष्टे अन्न घातल्यास मिठाची मात्रा आणखी वाढते. पक्ष्यांना पातळ हगवण लागते, पोटात पाणी साचते आणि लहान पिले दगावतात. त्यांना पिण्यासाठी गोडे पाणी द्यावे.

पेरणीनंतर उरलेले रंगीत बियाणे तर मुळीच टाकू नये. त्यावर थायरमसारख्या औषधांचा लेप असतो. थायरममुळे अंड्यांचे कवच मऊ पडते व पक्ष्यांचे पाय अधू होतात. शिवाय, अशा औषधांचा अंश अंड्यांतून घरातील मुलांच्या ताटापर्यंत पोहोचू शकतो.

स्वच्छ ज्वारी, तांदळाची कणी, भरडलेला चांगला मका आणि जोडीला हिरवा पाला एवढे परसातील कोंबड्यांना मानवते. पक्षी एकाएकी मलूल झाल्यास संशयित खाद्य तत्काळ बंद करून त्याचा नमुना जपून ठेवावा आणि नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा. मेलेला पक्षी खाऊ अथवा विकू नये. तो चुना टाकून खोल पुरावा. मूठभर खराब दाणे फेकून दिल्याने होणारे नुकसान अल्प असते. ते वाचविण्याच्या नादात मात्र सारा खुराडा रिकामा होऊ शकतो.