दुरुस्तीला दिलेली गाडी आणि न मिळणारी चिठ्ठी

शिंप्याकडे कापड दिले तर तो माप वहीत टिपून घेतो. परीट कपड्यावर खूण करतो. सोनार मोडीचा दागिना हाती घेताच आधी तराजूत टाकतो आणि वजनाची चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो. मात्र काही लाख रुपये किमतीची मोटार दुरुस्तीला सोडताना मालकाच्या हाती बहुधा कागदाचा कपटाही येत नाही. किल्ली मेस्त्रीच्या हाती जाते, ‘संध्याकाळी या’ एवढे आश्वासन मिळते आणि व्यवहार पुरा होतो. साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगली-मिरज रस्त्यापर्यंत दररोज असे किती व्यवहार होत असतील, याची गणती कोणी केलेली नाही. बहुतेक व्यवहार सुरळीत पार पडतात. प्रश्न उभा राहतो तो दुरुस्तीला दिलेली गाडी अधिक बिघडून परत येते तेव्हा.

कोरेगावच्या एखाद्या माध्यमिक शिक्षकाचे उदाहरण कल्पून पाहावे. पतसंस्थेचे कर्ज काढून त्याने जुनी मोटार घेतली आहे. सुटीच्या दिवशी साताऱ्यात ऑइल बदलण्यासाठी तो ती एका गॅरेजात नेतो. घाईत असलेला पोरगा इंजिनखालचा नट पुरता आवळत नाही, किंवा इतका आवळतो की त्याचे आटेच जातात. परतीच्या वाटेवर थेंब थेंब तेल गळत राहते, काही मैलांवर तांबडा दिवा लागतो, आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेईपर्यंत इंजिन जाम झालेले असते. टोचन करून गाडी पुन्हा त्याच दारी येते. तेथे उत्तर मिळते, ‘‘गुरुजी, माझ्याकडून गाडी ठणठणीत गेली होती. दिवा लागल्यावर तुम्ही थांबायला हवं होतं.’’ विमा कंपनीकडे जावे, तर सर्वसाधारण पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज यांची भरपाई वगळलेली असते. ऑइलचे बिल काही हजारांचे, पण नव्या इंजिनकामाचा खर्च अनेक महिन्यांच्या हप्त्यांएवढा. कर्ज फिटलेले नाही, गाडी चालत नाही आणि दोष कोणाचा हे सांगणारा एक ओळीचाही कागद नाही. पांढरपेशा कुटुंबाची वर्षभराची आर्थिक घडी एवढ्या एका नटाने विसकटू शकते.

विश्वास आणि यंत्र

मेस्त्रीवरील हा विश्वास एका पिढीने अनुभवाने कमावलेला आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीच्या साताऱ्यातील कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे. त्या काळी स्कूटर दारी येणे हा घरातला सोहळा होता. ते यंत्रही माणसाच्या आवाक्यातले होते. प्लग पुसला, कार्ब्युरेटर साफ केला, क्लचची केबल बदलली की गाडी पुन्हा धावू लागे. मेस्त्री नुसत्या आवाजावरून दुखणे ओळखत असे आणि त्याचा अंदाज चुकला तरी नुकसान दहा-वीस रुपयांच्या घरातले असे.

यंत्र बदलले, व्यवहाराची रीत मात्र तीच राहिली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ची मानके लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींतूनही कार्ब्युरेटर गेला आणि त्याची जागा संगणकाच्या हुकमावर इंधन फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली. अशा गाडीचे इंजिन पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतले तर जोडण्यांत पाणी शिरून हजारो रुपयांचा भाग निकामी होऊ शकतो. चुकीच्या ठिकाणी जॅक लावला तर तळाचा पत्रा दबतो. ब्रेकचे काम केल्यावर त्यातील हवा नीट काढली नाही, तर पहिल्याच घाटात जिवावर बेतते. खंबाटकीचा किंवा पसरणीचा उतार उतरणाऱ्यास हे निराळे सांगण्याची गरज नाही.

दीडशे वर्षांचा जुना कायदा

अशा प्रसंगी सामान्य माणसाची समजूत असते की, कायदा आपल्या बाजूने नाही. ही समजूत चुकीची आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात ‘निक्षेप’ या नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. एखाद्या कामासाठी आपली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि काम होताच ती परत मिळणे, असा त्याचा साधा अर्थ. दुरुस्तीला दिलेली गाडी हे त्याचे नेमके उदाहरण होय. या अधिनियमाच्या कलम १५१ प्रमाणे, सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी काळजी वस्तू ताब्यात घेणाऱ्याने घेतलीच पाहिजे. कलम १५४ त्याहून कडक आहे. ठरल्या कामाव्यतिरिक्त वस्तू वापरली आणि त्या वापरात तिचे नुकसान झाले, तर वापरणाऱ्यास भरपाई द्यावी लागते. ‘चाचणी’च्या नावाखाली गिऱ्हाइकाची मोटारसायकल घेऊन डबा आणायला जाणाऱ्या पोराची कृती या कलमात बसते.

अनेक गॅरेजांच्या भिंतीवर ‘गाडी मालकाच्या जोखमीवर’ अशी पाटी असते. ती वाचून मालक मुकाट्याने परततो. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील ताज महाल हॉटेलच्या प्रकरणात दिलेला निर्णय या पाटीसंबंधी बोलका आहे. १९९८ साली हॉटेलच्या नोकराकडे उभी करण्यासाठी दिलेली मोटार तेथून पळवली गेली. पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले होते. न्यायालयाने सांगितले की, गाडी एकदा ताब्यात घेतल्यावर आपण योग्य काळजी घेतली हे प्रथम हॉटेलने दाखवले पाहिजे. ते न दाखवता केवळ त्या वाक्याच्या आड लपता येणार नाही. प्रकरण हॉटेलचे असले, तरी त्यामागील तत्त्व निक्षेपाचे आहे आणि गॅरेजवाल्याची स्थितीही तीच आहे.

आणखी एका शंकेचे निरसन करणे अगत्याचे आहे. गॅरेजचा माणूस चाचणीसाठी गाडी घेऊन गेला आणि त्याने रस्त्यावरील कोणाला धडक दिली तर? गोव्यातील अशाच अपघातातून उद्भवलेल्या अपिलात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, गाडी दुरुस्तीसाठी सोपवलेली होती एवढ्या कारणाने विमा कंपनीला त्रयस्थाच्या भरपाईची जबाबदारी झटकता येत नाही. अर्थात त्यासाठी विमा चालू असला पाहिजे, हे उघड आहे.

कायद्याने मेस्त्रीलाही एक अधिकार दिलेला आहे. कलम १७० नुसार, ठरल्याप्रमाणे काम केले असेल तर मजुरी मिळेपर्यंत त्याला गाडी अडवून ठेवता येते. त्यामुळे वाद झाला म्हणून बिल न देता गाडी ओढून नेण्याचा आततायीपणा करू नये. ‘तक्रारीचा हक्क राखून रक्कम देत आहे’ असे बिलावर लिहून, सही करून पैसे द्यावेत, बिलाचे छायाचित्र काढावे आणि गाडी सोडवून घ्यावी. हा मार्ग शहाणपणाचा आहे.

आयोगाचे दार

पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तेव्हा ग्राहकाला स्वतःचा कायदा नव्हता. तो १९८६ साली आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात आहे. सेवेतील त्रुटी ही या कायद्याची मध्यवर्ती कल्पना असून पैसे घेऊन केलेली गाडीची दुरुस्ती ही सेवाच आहे. केलेल्या कामाचे बिल देण्यास नकार देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे.

शिक्षक-कारकुनांच्या दृष्टीने यातील तीन तरतुदी विशेष मोलाच्या आहेत. पहिली तरतूद ठिकाणाची. तक्रार आता तक्रारदार राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. विट्याच्या माणसाची गाडी साताऱ्यात बिघडवली गेली, तर त्याने साताऱ्याच्या खेपा घालण्याचे कारण नाही. सांगलीच्या जिल्हा आयोगात त्याला दाद मागता येते. दुसरी तरतूद खर्चाची. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही. तिसरी तरतूद मुदतीची. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार झाली पाहिजे. ‘पाहू, करू’ म्हणत दिवस घालवणाऱ्यास ही मुदत महागात पडते.

उसाच्या हंगामात वाळवा-कराडच्या पट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉली चालवून पोट भरणाऱ्याचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. व्यापारी वापर कायद्याने वगळलेला असला, तरी स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच वस्तू किंवा सेवा घेणाऱ्यास ग्राहकच मानले आहे. हंगामात आठ दिवस ट्रॅक्टर उभा राहिला तर त्याचे नुकसान मोटारवाल्यापेक्षा कितीतरी मोठे असते.

हे सर्व असूनही तक्रारी कमी का होतात? कारण हक्क कायद्याच्या पुस्तकात असतो आणि पुरावा गॅरेजात. गाडी कोणत्या स्थितीत आत गेली, कोणते काम सांगितले, कोणता भाग बदलला, याची नोंद नसेल तर आयोगापुढे एका शब्दाविरुद्ध दुसरा शब्द एवढेच उरते.

महापुराचा धडा

ऑगस्ट २०१९ च्या महापुराने हा धडा सांगलीला फार कठोरपणे शिकवला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सुमारे ५७ फुटांपर्यंत चढली आणि निम्मे शहर पाण्यात बुडाले. पाणी ओसरल्यावर चिखलाने माखलेल्या गाड्यांची गॅरेजांपुढे रीघ लागली. बुडालेल्या गाडीचे इंजिन सुरू करू नये, हा पहिला नियम. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर आतला दांडा वाकतो. आता इंजिन फुटले ते पुराने, मालकाने उतावीळपणे किल्ली फिरवल्याने, की गॅरेजातील कोणी तपासणीविना स्टार्टर मारल्याने? उत्तरावर विम्याचा दावा आणि गॅरेजची जबाबदारी, दोन्ही अवलंबून असतात. ज्याने गाडी आत देताना छायाचित्रे काढून ठेवली आणि ‘इंजिन सुरू केलेले नाही’ अशी नोंद करून घेतली, त्याच्या हाती बोलण्यासारखे काही राहते. इतरांच्या हाती केवळ हळहळ उरते. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. यापुढेही ते येणार नाही, असे कोणी म्हणू शकत नाही.

मेस्त्रीची बाजू

येथे सारा दोष मेस्त्रीच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. पत्र्याच्या शेडमध्ये दोन पोरे हाताशी घेऊन काम करणाऱ्या या माणसाने बहुधा शाळा लवकर सोडलेली असते. उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत तो शिकला. नव्या गाड्यांची माहितीपुस्तके त्याला मिळत नाहीत आणि तपासणीची उपकरणे परवडत नाहीत. गिऱ्हाईकही बिल नको, नवा भाग नको, ‘स्वस्तात भागवा’ म्हणून मागे लागलेले असते. पावतीविना काम स्वस्त पडते म्हणून आनंद मानणाऱ्या मालकाने पुढे पावती नाही म्हणून गळा काढावा, यात थोडी विसंगती आहेच.

मोठी विसंगती मात्र शासनाच्या धोरणात आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानुसार गाडी चालवणाऱ्यास परवाना लागतो, गाडी चालवायला शिकवणाऱ्या संस्थेस लागतो, एस. टी. च्या वाहकासही लागतो. धूर तपासणाऱ्या केंद्रालाही मान्यता घ्यावी लागते. मात्र त्याच गाडीचा ब्रेक उघडून बसवणाऱ्याला आपली पात्रता कोठेही सिद्ध करावी लागत नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनेने केवळ सूचना द्यायची असते आणि बहुतेक गॅरेजे याच गटात मोडतात.

परवान्याची नवी खिडकी उघडली की तिच्यामागून नवा हप्ता सुरू होतो, हा अनुभव लक्षात घेता सक्तीपेक्षा सवलतीने सुरुवात करणे बरे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी काम करीत असलेल्या मेस्त्रींसाठी संध्याकाळचे अल्प मुदतीचे वर्ग चालवावेत आणि उत्तीर्ण होणाऱ्यास दारावर लावता येईल असे प्रमाणपत्र द्यावे. सांगलीत १९४७ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कराडला १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बिघडलेल्या गाडीची तपासणी करून माफक शुल्कात तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय देण्याची व्यवस्था या संस्थांनी केली, तर दोन्ही जिल्ह्यांतील आयोगांचे काम हलके होईल आणि प्रामाणिक मेस्त्रीलाही खोट्या आरोपापासून संरक्षण मिळेल. कारण नट खरोखर सैल होता की दगड लागून फुटला, हे जाणकार डोळा सांगू शकतो.

तोपर्यंत उपाय ज्याच्या त्याच्या हाती आहे. दोन प्रतींची एक साधी वही, तीत तारीख, गाडीचा क्रमांक, मीटरवरील आकडा, सांगितलेले काम, दिसणारे जुने पोचे आणि दोघांच्या सह्या. एम. एच. १० असो वा ११, दर गाडीमागे पाच मिनिटांचे हे काम आहे. बदललेला जुना भाग मालकाने मागून घ्यावा. काम झाल्यावर बिल घ्यावे आणि त्याचे जे पैसे पडतील ते बिनतक्रार द्यावेत. अशी चिठ्ठी मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे मानण्याची आपल्याकडे पद्धत आहे. सोनाराने वजनाची चिठ्ठी दिली म्हणून त्याच्यावरचा विश्वास उडाल्याचे मात्र आजवर कोणी ऐकलेले नाही.