बहीण-भावाचा तपास आणि पाण्याचे रहस्य

मे महिना लागला की मुलांच्या पुस्तकांतून एक गोष्ट हमखास भेटते. भाऊ आणि बहीण सुट्टीत विज्ञान शिबिराला जातात. तिथे काहीतरी गूढ घडते. दुर्बीण नाहीशी होते, नाहीतर रात्री जंगलात दिवा हलताना दिसतो. मोठी माणसे भुताखेताचे नाव घेतात. ही दोघे मात्र वही काढतात, पावलांचे ठसे मोजतात आणि शेवटच्या दिवशी खरा प्रकार उघडकीला आणतात. अशा गोष्टींना आम्ही नावे ठेवणार नाही. भुतावर विश्वास न ठेवता पुरावा शोधणारी पोरे आम्हाला प्रियच आहेत. आमचा प्रश्न एवढाच की, ही भावंडे आमच्या वस्तीतली का नसतात?

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात जाऊन पाहा. मुंबई-पुण्याची मुले इथल्या फार्महाऊसवर शिबिराला येतात. कुंपणाच्या आत दुर्बिणीतून तारे बघतात. कुंपणाच्या बाहेर कुंभिवलीसारख्या गावांतली, बौद्धवाडीतली, ठाकूर-कातकऱ्यांच्या पाड्यांवरची मुले तेच आभाळ उघड्या डोळ्यांनी बघतात. आभाळ फुकट आहे, शिबिराची फी मात्र फुकट नाही.

पण सुट्टीतल्या भावंडांची एक खरी गोष्ट आमच्याकडे आहे. साल १९०१. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि मोठ्या बहिणीची दोन मुले अशी चौघे उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे गोरेगावला निघाली. नवे कपडे, नव्या टोप्या, पहिलाच आगगाडीचा प्रवास. मसूर स्टेशनवर उतरली, तर घ्यायला कोणीच आलेले नाही. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. शेवटी पोरांनी स्वतः बैल हाकले आणि गाडीवान बाजूने चालत राहिला. शिदोरी सोबत होती, पाणी नव्हते. टोलनाक्यावर पाणी मागितले, तेही नाकारले गेले. चौघे उपाशी झोपले. हे सारे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवले आहे.

या गोष्टीत दोन रहस्ये आहेत. पहिले, वडील का आले नाहीत? ते दुसऱ्या दिवशीच सुटले. मुलांचे पत्र वडिलांच्या शिपायाने त्यांना दिलेच नव्हते. दुसरे रहस्य, पाणी असून पाणी का मिळाले नाही? आणि विरोधाभास पाहा! ज्या गोरेगावला ही तहानलेली पोरे निघाली होती, तिथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकार तलाव खोदत होते आणि त्याच कामावर सुभेदार रामजी खजिनदार होते.

दुसऱ्या रहस्याचा तपास त्या मुलाने जन्मभर सोडला नाही. २० मार्च १९२७ ला याच जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, महाडच्या चवदार तळ्यावर तो ओंजळ भरून उभा राहिला. १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ लिहून अस्पृश्यता आली कुठून, याचा माग त्याने काढला. जिथे पुराव्याची साखळी तुटली होती तिथे तर्काने दुवे जोडले आणि हा आपला शेवटचा शब्द आहे असा दावा केला नाही. याहून मोठा तपास कोणता? आणि याहून शास्त्रीय वृत्ती कोणती?

आता आजच्या पोरांकडे येऊ. कल्पना करा, कुंभिवलीच्या शाळेत पाच दिवसांचे विज्ञान शिबिर भरले आहे. एका बहीण-भावाला गुरुजींनी कोडे घातले: मे महिन्यात आजूबाजूचे ओढे आटतात, विहिरी तळाला जातात, मग आपल्या तालुक्यातली पाताळगंगा वाहती कशी राहते? कोणी म्हणेल देवीची कृपा, कोणी म्हणेल नावातच पाताळ आहे, खालून पाणी येते. भावाने गुरुजींच्या देखरेखीखाली काठाजवळ खुणा केलेली काठी रोवावी. बहिणीने काठावर बसून तासातासाला पाण्याची उंची वहीत लिहावी. दोन दिवसांत दोघांना दिसेल की, पाऊस नसतानाही पाणी चढते आणि उतरते. देवीची कृपा अशी तासागणिक कमीजास्त होईल काय? मग दोघांनी वर पाहावे. खोपोलीला घाटाच्या उतारावरून मोठे लोखंडी नळ उतरताना दिसतात. तिथे टाटांचे वीजकेंद्र आहे, १९१५ पासूनचे. लोणावळा, वळवण, शिरोटा या घाटमाथ्यावरच्या तलावांत पावसाचे पाणी अडवतात, ते पाचशे मीटरहून अधिक खाली सोडतात, त्याच्या जोराने चक्रे फिरतात, वीज होते आणि काम संपलेले पाणी पाताळगंगेत येते. वीजकेंद्र जोरात चालले की नदी चढते. म्हणजे उन्हाळ्यातली पाताळगंगा पाताळातून नाही, डोंगरावरून येते!

रहस्य सुटले. फार्महाऊसवरचे शिबिर इथे टाळ्या वाजवून संपेल. आमचे शिबिर इथून सुरू व्हावे. कारण आता बहीण विचारेल, हे पाणी अडवले नसते तर घाटापलीकडे भीमेच्या खोऱ्यात गेले असते ना? मग तिकडच्या दुष्काळी गावांचे काय? भाऊ विचारेल, पहिली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली, पण नदी उशाला असून आमच्या आईच्या डोक्यावरचा हंडा का उतरला नाही? हे प्रश्नही विज्ञानाचेच आहेत. शंभर वर्षांपूर्वी टोलनाक्यावर उभ्या असलेल्या चार पोरांचाच हा प्रश्न आहे: पाणी आहे, मग आम्हाला का नाही?

तथागतांनी कालामांना सांगितले की, परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणूनही मानू नका. भारतीय संविधानाच्या कलम ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने लिहिले गेले. हे आम्ही व्यासपीठावरून सांगतो, टाळ्या घेतो. पण आमच्या वाडीतल्या पोराच्या हातात साधा थर्मामीटर तरी देतो काय?

समाजबांधवांनो, जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जो पैसा उडतो, त्यात असे पाच दिवसांचे शिबिर सहज होईल. दोरी, मोजपट्टी, घड्याळ, वही, जेवण, आणि शिकवायला विज्ञान शाखेत शिकणारी आपलीच मुले-मुली. जागा गावातली शाळा किंवा विहार. मात्र एक अट पाळा. भाऊ शिबिराला आणि बहीण धाकट्याला सांभाळायला घरी, असे होऊ देऊ नका. पाणी भरण्याचे कष्ट तिला अधिक ठाऊक आहेत. पाण्याच्या तपासात पहिला प्रश्न तीच विचारील.

दुर्बीण कोणी चोरली, हे शोधणारी मुले पुस्तकात पुष्कळ आहेत. आमच्या वाट्याचे पाणी कुठे गेले, हे शोधणारी मुले आम्हाला घडवायची आहेत.

जयभीम!