बटणावांचून रेडिओ

रेडिओचें बटण हातानें फिरवावयाचें, हें आम्ही गृहीत धरलेलें. बिबवेवाडीस आमच्या घरीं नातवानें आपल्या सिंथेसायझरसाठीं रचिलेल्या रेडिओस मात्र बटणच नव्हतें! त्या वाद्याचा एक भाग दुसऱ्यास विजेच्या दाबानें हुकूम देतो. म्हणून रेडिओही दाबानेंच फिरावयास हवा.

जुन्या यंत्रांत बटणासरशी कंडेन्सरचे पत्रे एकमेकांत सरकत. येथें त्यांच्या जागीं व्हॅरॅक्टर डायोड असतो. त्यास उलट दिशेनें दिलेला दाब वाढला कीं धारणाशक्ति घटते व कंपनसंख्या चढते. गणित वर्गमुळाचें, ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे तिपटीनें, चढावयाचें तर धारणाशक्ति नवव्या हिश्श्यावर आणावी लागते. मध्यम लहरींवर नऊ-नऊ किलोहर्ट्झांच्या अंतरानें १२० स्थानें. तीं एक ते आठ व्होल्टांत बसवावयाचीं. सरासरीनें व्होल्टाचा सतरावा भाग चुकला कीं शेजारचें स्थान! दाब स्थिर करण्यांतच नातवाचे दोन आठवडे गेले.

अखेर ७९२ वर पुणें आकाशवाणी लागली. हें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. आमच्या वडिलांचा दिवस तेथील बातम्यांनींच उजाडे. नातवानें लागलीच दाबास मंद झोके दिले. निवेदकाचें वाक्य तुटलें. खरखर, पुन्हां एखादा शब्द. आम्ही रागावलों.

"आजोबा, मला ती मधली खरखरच हवी आहे."

शब्द निराळा, ध्वनि निराळा, हें वर्गांत आम्हीच सांगत असूं; उत्तर सुचेना. बातम्यांच्या वेळीं झोके बंद, एवढें मात्र कबूल करून घेतलें. तेवढ्यासाठीं त्यानें एक बटण बसविलें आहे, हातानें फिरवावयाचें.