पदर कसा पडतो?

आज एक पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही.

पत्र तमिळनाडूतल्या तिरुप्पनंदाळचं आहे, कुंभकोणजवळचं. लिहिणाऱ्या बाईंच्या घरात अजून तंजावरी मराठी बोलतात. त्यांच्या कॉलेजातल्या मुलीने फोनवर एका संगणकी पोरीच्या अंगावर साडी पाहिली आणि मागवली. पोर खरी नाही हे मुलीला ठाऊक होतं, त्याबद्दल तिची तक्रार नाही. तक्रार वेगळीच: पडद्यावर साडी चापूनचोपून बसली होती, घरी नेसल्यावर तिचा नुसता बोंगा झाला. निऱ्या फुगून उभ्या, पदर खांद्यावर ठरेना. बाई विचारतात, मग यात खोटी कोण? पोर की साडी?

साडी. आणि याचा दोष थोडा माझ्याकडेही येतो, कारण लिल मिकेला, कायरा, मिंत्राने 2023 मध्ये आणलेली माया या संगणकी इन्फ्लुएन्सर पोरींबद्दल या सदरात इतके आठवडे आपण बोललो ते सगळं चेहऱ्याबद्दल. अंगावरचं कापड कुठून आलं हे विचारलंच नाही.

ते दोन वाटांनी येतं. पहिली वाट कष्टाची. क्लो नावाच्या कोरियन सॉफ्टवेअरमध्ये शिंप्यासारखे तुकडे बेतायचे, पडद्यावरच शिवायचे आणि कापडाचे आकडे भरायचे: वजन किती, ताण किती घेतं, किती वाकतं. कापडाला असे आकडे देता येतात हे क्योतोच्या सुएओ कावाबातांनी 1970 च्या दशकात दाखवलं. जाणकार माणूस कापड बोटांत चुरून जे ओळखतो ते त्यांनी यंत्रावर मोजलं. ताण, तिरकी ओढ, वाक, दाब आणि पृष्ठभागाचं घर्षण, या पाच गोष्टी. पुढे 1998 मध्ये बॅराफ आणि विटकिन यांनी कापडाला त्रिकोणांची जाळी मानून त्याची हालचाल झपाट्याने मोजायची रीत मांडली, आणि पडद्यावरचे झगे फडफडू लागले.

दुसरी वाट सोपी आणि स्वस्त. साडीचा घडीतला किंवा पसरलेला फोटो द्यायचा, एआयने ती नेसलेली बाई काढून द्यायची. या यंत्राला वजन माहीतच नसतं. त्याने लाखो चित्रं पाहिलेली असतात आणि त्यावरून ते साडी साधारण कशी दिसते याचा अंदाज करतं. म्हणून कडक ऑर्गेंझाही तिथे जॉर्जेटसारखी सुळसुळत खाली येते. बाईंच्या लेकीला भेटली ती बहुधा ही दुसऱ्या वाटेची पोर.

पण खरं सांगायचं तर पहिली वाटही साडीपाशी अडखळते. टी-शर्टाला शिवण असते, तो अंगावर एकदा चढवला की झालं. साडी म्हणजे साडेपाच मीटर न शिवलेलं कापड, परकराच्या नाडीत खोचलेलं. थरावर थर घासतो म्हणून ते जागेवर राहतं. हे घर्षण गणितात जरा कमी पडलं की साडी घसरते, जरा जास्त झालं की पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहते. मग कारागीर पळवाट काढतात. पदर खांद्याला अदृश्य टाचण्यांनी अडकवून टाकतात, निऱ्या एकदा लावून तशाच गोठवतात. पडद्यावरच्या पोरीने दोन्ही हात वर केले तरी काहीही सुटत नाही.

पत्रावरचं गाव वाचून म्हणूनच मला गंमत वाटली. तिरुप्पनंदाळच्या अरुणजटेश्वराच्या देवळाची कथाच वस्त्र सुटण्याची आहे. ताटका नावाची भक्त (रामायणातली नव्हे, ही वेगळी) देवाला हार घालायला गेली. दोन्ही हातांत हार, आणि नेसूचं ढळू लागलं. हार खाली ठेववेना, म्हणून तिने कोपरांनी वस्त्र दाबून धरलं, पण मग हात वर जाईनात. तेव्हा लिंगच तिच्याकडे कललं आणि तसंच राहिलं. राजाने हत्ती जुंपून ओढलं तरी सरळ होईना. अखेर शिवभक्त कुंगिलिय कलय नायनारांनी आपल्याच गळ्याला दोर बांधून ओढलं तेव्हा झालं. भक्तीचं भाविकांनी सांगावं. मला मात्र ही गोष्ट रचणाऱ्याला नेसणं नीट कळत होतं असं वाटतं: हात उचलला की कुठेतरी खालचं सैल होतं, आणि कोपर हाच पहिला उपाय!

आणि याच तालुक्यात तिरुभुवनम आहे, 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या रेशमी साड्यांचं. तिथे साडीची घडी नेहमीसारखी घालत नाहीत, पंख्यासारख्या चुण्या पाडून घालतात. त्या घडीला 'विसिरि मडिप्पु' म्हणतात. अशा साडीच्या जरीच्या काठाचं वजन पदराला सरळ खाली खेचतं. फोटोत जर चमकते, पण तिचा भार दिसत नाही, आणि पदर कसा पडणार ते तर त्या भारावरच ठरतं.

कायदेकानूंचं थोडक्यात. जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या नियमांप्रमाणे आभासी इन्फ्लुएन्सरने आपण माणूस नसल्याचं सांगावं लागतं. चांगलंच आहे. पण बाईंच्या लेकीला पोरीबद्दल कुणी फसवलं नव्हतंच.

तेव्हा बाई, लेकीला एवढं सांगा. साडीचं वजन ग्रॅममध्ये लिहिलंय का ते पाहावं. नसेल तर विचारावं. चित्र पाहताना चेहरा सोडून पदराचं खालचं टोक पाहावं: काठ जाड असूनही तो वाऱ्यावर तरंगत असेल तर ते कापड कुणी हातात धरलेलं नाही. आणि दुकानदाराकडे एक साधा व्हिडिओ मागावा, साडी घडीतून काढून कुणीतरी हातावर टाकतानाचा. माणसाचा चेहरा दिसला नाही तरी चालेल.