धुऱ्यावर पडलेलं बी

बुलढाणा जिल्ह्यात नव्या माणसाची ओळख काढताना गावाच्या नावाआधी ‘घाटावरचे का घाटाखालचे?’ हे विचारलं जातं. अजिंठ्याच्या डोंगररांगेने तेरा तालुक्यांचे असे दोन भाग केले आहेत. बोलीही त्यानुसार वळणं घेते. शेगाव-जळगाव जामोदकडे ‘मले-तुले’ आणि ‘काहून’, मलकापूरकडे खानदेशी झाक, सिंदखेडराजा-देऊळगावराजाकडे मराठवाड्याचा हेल. एकच निरोप जिल्हाभर पोहोचवायचा तर शब्द ठिकठिकाणी बदलावे लागतात. माणूस माणसाशी बोलतो तेव्हा नेमकं काय घडतं, याचं ख्रिस्ती विचाराने दिलेलं उत्तर या जिल्ह्याच्या मातीत ठेवून पाहू.

फळ्यावरची आकृती

संवादशास्त्राच्या पहिल्या तासाला एक आकृती काढतात : सांगणारा, निरोप, माध्यम, ऐकणारा, मध्ये येणारा अडथळा आणि परत येणारा प्रतिसाद. आकृतीचा गाभा क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाचा, १९४८ सालचा. तो टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत होता आणि त्याची काळजी तारेची होती, अर्थाची नव्हे. पिठाच्या गिरणीत उभं राहून फोन घेतला की ‘बुधवार’चा ‘गुरुवार’ होतो, हा अडथळा त्याच्या आकृतीत बसतो.

दुसरा अडथळा शब्दाच्या पोटात असतो. ख्रिस्ती मराठीत पापातून सुटकेला ‘तारण’ म्हणतात. हा शब्द चर्चच्या फलकावर वाचणाऱ्या शेतकऱ्याला मात्र बाजार समितीची शेतमाल तारण योजना आठवते, नाही तर बँकेत ठेवलेले बायकोचे दागिने. अक्षरं स्पष्ट, उजेड भरपूर, तरी निरोप भलत्याच घरी गेला.

शब्द माणूस होतो तेव्हा

बायबलचा देव पहिल्यापासून बोलणारा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात तो बोलतो आणि जग घडतं. योहानाच्या शुभवर्तमानात हाच ‘शब्द’ देह धारण करतो. ख्रिस्ती संवादविचाराचा पाया इथे आहे. देवाने माणसाला निरोप धाडला आणि तो मोकळा झाला, असं इथे होत नाही. तो निरोप स्वतःच नाझरेथच्या सुताराच्या घरी राहायला येतो, तिथली भाषा बोलतो, तिथलं जेवतो.

तिथल्या भाषेला हेलही होता. येशूला पकडल्यानंतर अंगणात उभ्या त्याच्या शिष्याने, पेत्राने, ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून हात झटकले, पण लोकांनी त्याला बोलण्यावरून पकडलं. गालीलची बोली लपली नाही. पुण्यात मुलाखतीला बसलेल्या जळगाव जामोदच्या पोराच्या तोंडून ‘काहून’ निसटतं, त्यातलाच हा प्रकार.

बायबलमधल्या बाबेलच्या गोष्टीत भाषा फुटतात. पेंटेकॉस्टच्या दिवशी त्या पुन्हा एक होतील असं वाटतं, पण तसं होत नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगतं की जमलेल्या प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं. प्रमाणभाषा कुणावर लादली गेली नाही, हे मला त्या प्रसंगातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पेरणाऱ्याची गोष्ट, बुलढाण्यात

येशूने संवादावरच सांगितलेला दाखला म्हणजे पेरणाऱ्याचा. काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळ जागी, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. बी म्हणजे वचन, जमीन म्हणजे ऐकणारा.

तिफणीमागे चाललेल्या माणसाला ही गोष्ट वाचून दाखवा. पहिला प्रश्न ठरलेला : ‘हा मानूस बी रस्त्यावर काहून फेकून राह्यला?’ प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे बी तिफणीच्या नळ्यांतून तासात सरळ पडतं, हल्ली ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रातून. सोयाबीनच्या बॅगेला पैसे मोजलेला माणूस एक दाणा धुऱ्यावर जाऊ देत नाही. पॅलेस्टाईनमध्ये मुठीने बी फेकून पेरत आणि शेतातून पायवाटा जात, हे आधी सांगितलं नाही तर ऐकणाऱ्याला तो पेरणारा बेफिकीर वाटतो आणि दाखल्याचा रोख जमिनीवरून पेरणाऱ्यावर सरकतो.

एकदा ही गाठ सुटली की पुढचं समजवावं लागत नाही. वर चार बोटं माती आणि खाली मुरूम अशी बरड जमीन घाटावर भरपूर. तिथे पहिल्या पावसात अंकुर तरारून येतात आणि पावसाने आठ-पंधरा दिवस ओढ दिली की माना टाकतात. भरभर ‘हो हो’ म्हणणारा श्रोता तो हा. काट्यांच्या जागी इथे कुंदा आणि हराळी. डवरणी चुकली की पीक गुदमरतं. चांगली जमीन म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कसदार.

शेवटी तीसपट, साठपट, शंभरपट पीक येतं. शेतकरी लगेच हिशेब मांडतो. एकरी तीस किलो सोयाबीन पेरलं आणि चांगल्या साली आठ क्विंटल उतारा आला, तर सत्तावीसपट झालं. म्हणजे तीसपट बरं वर्ष, शंभरपट मात्र ऐकलेलं नाही! दाखल्यातलं नवल त्याला शहरातल्या वाचकाआधी कळतं. ऐकणारा रिकामं भांडं नसतो. तो आपली जमीन, आपला हिशेब घेऊन बसलेला असतो, आणि अर्थ त्याच्यावाचून पुरा होत नाही.

विहिरीवर आधी पाणी मागितलं

पेरणाऱ्याची गोष्ट इथे समजावून द्यावी लागते, शोमरोनी स्त्रीची लागत नाही. भर दुपार, सूखार गावाजवळची विहीर, एकटी आलेली बाई. येशूकडे ना पोहरा ना दोर. तो तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांचं भांडं वापरत नसत, म्हणून तीच चकित होते. पाणवठ्यावरची शिवाशिव काय असते हे मराठी वाचकाला तळटीप देऊन सांगायची गरज नाही. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली सत्याग्रह त्याचसाठी झाला. त्यातून पूर्णाकाठचा खारपाण पट्टा असेल, बोअरला खारट पाणी लागत असेल, तर ‘पुन्हा तहान लागणार नाही असं पाणी’ या बोलण्याची ओढही वेगळी समजते.

इथे बोलणाऱ्याने काय केलं ते पाहा. उपदेशाने सुरुवात केली नाही. स्वतःची गरज पुढे ठेवली आणि तिचे प्रश्न येऊ दिले. देणारा आधी मागणारा झाल्यामुळेच दोघांची पातळी एक झाली.

मराठीत हे कुणी केलं

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्या, स्वर्गाला शब्द ‘वैकुंठ’. लिपी मात्र रोमन, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पुढे १६८४ मध्ये त्याच गोव्यात पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. एकाच धर्माच्या माणसांनी संवादाच्या दोन्ही टोकांना जाऊन दाखवलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा चर्चमध्ये परदेशी चालींवर बसवलेली गीतं बरीच होती. त्यांनी अभंग, भजन, कीर्तन आणलं. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते साध्या बायकांना कळावं म्हणून. आयुष्याची शेवटची वर्षं, १९२२ पर्यंत, त्यांनी त्यातच घातली.

वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेची ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स आली. मुख्य ठाणं अकोला. खामगाव, मलकापूर, बुलढाणा ही तिची इथली ठाणी. तेव्हा रुळलेली भाषा अनेक व्यासपीठांवर अजून तशीच आहे. घरी ‘मले’ म्हणणारा माणूस प्रार्थनेला उभा राहिला की ‘आम्हांस’ म्हणू लागतो. त्यात आदर असतो, मान्य. पण पेत्राचा हेल चालत होता, तर आपलाही चालायला हरकत नसावी.

सात दिवस

गप्प बसणं हाही संवाद आहे, आणि इथे त्याची गरज जास्त पडते. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पॅकेज जाहीर केलं, त्यांत बुलढाणा होता. अशा घरी भेटीला गेलेली माणसं काय बोलतात ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे : त्याने असं करायला नको होतं, कर्ज काय सगळ्यांनाच असतं, देवाची मर्जी.

बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे तीन मित्रही असेच भेटीला आले होते. त्याची दशा पाहून ते सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी शब्द काढला नाही. मग त्यांना राहवेना. देव न्यायी आहे, तुझंच काही चुकलं असेल, हे सांगण्यात त्यांनी अध्यायांमागून अध्याय खर्ची घातले. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावतो तो त्यांच्या या बोलण्याबद्दल. गप्प बसलेल्या सात दिवसांबद्दल तो काही म्हणत नाही.