बालकाचा पहिला विमानप्रवास

विमानप्रवासाची तयारी म्हटली म्हणजे सुशिक्षित घरांतूनही ती बहुधा तिकिटें, ओळखपत्रें आणि सामानाचें वजन एवढ्यावरच आटोपते. पिशवी १५ किलोंच्या आंत बसते कीं नाहीं हें तीन तीन वेळां तोलून पाहिलें जातें. चार वर्षांच्या मुलाच्या मनांत या प्रवासाविषयीं काय आहे हें मात्र एकदांही विचारलें जात नाहीं. मूल "आपण विमानांत बसणार!" म्हणून घरभर नाचत असतें, तेवढ्यावरून तें तयार आहे असें वडील माणसें धरून चालतात. मग धांवपट्टीवर एंजिनें गरजूं लागलीं कीं, तेंच मूल आईच्या गळ्याला मिठी घालून किंचाळतें, पट्टा सोडा म्हणतें, आणि आईबाप एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहतात.

मुलाचा घरचा उत्साह खोटा नसतो. तो ज्या विमानासाठीं होता तें विमान निराळें असतें, इतकेंच. गच्चीवरून त्यानें पाहिलेलें विमान चिमणीएवढें. तें ढगांतून अलगद सरकत जातें. वर गेल्यावर विमान खरोखरीच लहान होत जातें, अशी पुष्कळ लहान मुलांची समजूत असते. तसें असेल तर आंत बसलेल्या आईचें काय होणार, ही चिंता त्या डोक्यांत सहज उद्भवते, पण ती शब्दांत येतेच असें नाहीं. म्हणून मुलाला कांहीं सांगण्यापूर्वीं त्यालाच विचारावें, "विमानांत कसें असेल, सांग बरें?" आणि तें बोलत असतां मध्यें हंसूं नये. कोणती गोष्ट समजावून द्यावयाची तें त्याच्या उत्तरांतच सांपडतें.

उदाहरणादाखल मुंबईहून नागपुरास आजोळीं निघालेलें चार-पांच वर्षांचें मूल डोळ्यांपुढें आणावें. आकाशांतील प्रवास जेमतेम दीड तासाचा. पण घर सोडल्यापासून आजीच्या दारांत पाऊल ठेवीपर्यंत पांच-सहा तास सहज जातात. मुलाला त्रास होतो तो या साऱ्या वेळाचा. त्याला ही हकीकत केव्हां सांगावी? महिनाभर आधीं सांगण्यांत अर्थ नाहीं. या वयांत "पुढच्या रविवारीं" या शब्दांना वजन नसतें. मूल रोज सकाळीं उठून पायमोजे घालूं लागतें आणि संध्याकाळपर्यंत हिरमुसून जातें. तीन-चार दिवस आधीं सांगावें, आणि काळ मोजावा तो झोपांनीं. "आणखी तीन वेळां झोपून उठलें कीं जावयाचें," हें गणित त्याला बिनचूक समजतें.

सांगावयाचें तें खेळांतून सांगावें. चार खुर्च्या एकापुढें एक मांडून 'आगगाडी आगगाडी' खेळण्याची रीत घराघरांत आहेच. त्याच खुर्च्या दोन दोनांच्या रांगांनीं मांडल्या कीं विमान झालें. ओढणीचा पट्टा कमरेला बांधावा. एकदां मुलानें प्रवासी व्हावें, एकदां तिकीट तपासणारा, एकदां पाणी आणून देणारी सेविका. विमानांतील पट्ट्याचें कुलूप मोटारींतल्या पट्ट्यासारखें बटण दाबून सुटत नाहीं, त्याची झडप वर उचलावी लागते. हें आधीं सांगून ठेवलें तर तेवढ्यावरच कांहीं मुलें मोठ्या ऐटींत बसतात.

तपासणीची जागा खेळांत अवश्य घ्यावी, कारण पहिलें रडें पुष्कळदां तेथेंच फुटतें. मोठ्या विमानतळांवर ही तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे असते. मुलाची लाडकी बाहुली त्याच्या हातांतून घेतली जाते आणि सरकत्या पट्ट्यावरून एका काळ्या भुयारांत नाहींशी होते. ती क्ष-किरणांच्या यंत्रांतून पलीकडे निघते हें मोठ्यांना ठाऊक; मुलाच्या लेखीं ती गेली ती गेलीच. घरीं टेबलाखालून बाहुली सरकवून दुसऱ्या बाजूनें घ्यावयाचा खेळ दोनदां केला तरी पुरे. पुरुषांची आणि स्त्रियांची तपासणी निरनिराळी होते, तेव्हां आईबाप तेथें क्षणभर एकमेकांपासून दूर होतात. मूल कोणाबरोबर जाणार हें आधींच ठरवून त्याला सांगावें. आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. "जेवला नाहींस तर पोलिसाला देईन" हा धाक आपल्याकडे फार घरांतून सर्रास घातला जातो. वर्षभर अशी पेरणी केल्यावर गणवेशांतील माणूस यंत्राची कांडी हातीं घेऊन जवळ आला म्हणजे मुलानें शांत उभें राहावें, ही अपेक्षा कशाच्या बळावर करावयाची?

आतां आवाजांविषयीं थोडें विस्तारानें सांगणें भाग आहे. विमानाच्या भीतींत उंचीचा वांटा मुलांच्या बाबतींत फार थोडा असतो. आवाजाचा आणि बांधून बसविण्याचा मोठा. विमान जागेवरून निघतांना आंतील दिवे क्षणभर मिचकतात, हवेचा सूंऽऽ आवाज थांबतो व पुन्हां सुरू होतो. एअरबस ए-३२० जातीच्या विमानांत, आणि भारतांत याच जातीचीं विमानें पुष्कळ आहेत, एक एंजिन चालू व दुसरें बंद असतां पायांखालून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो. तो एका पंपाचा असतो. आधीं सांगितलेलें नसेल तर मूल दचकतें. सांगितलेलें असेल तर तें त्या 'कुत्र्या'ची वाट पाहत बसतें, आणि तो भुंकला नाहीं तर उलट निराश होतें. मग विमान सावकाश चालत धांवपट्टीच्या टोकाशीं जातें, थांबतें, आणि एकाएकीं गर्जना करून धांवत सुटतें. पाठ खुर्चीला दाबली जाते. ताशीं अडीचशें किलोमीटरांहून अधिक वेग आला कीं चाकें जमीन सोडतात व खडखड थांबते. लगेच खालून धाडदिशीं आवाज होतो. तीं चाकें पोटांत ओढून घेतल्याचा. थोड्या वेळानें एंजिनांचा सूर एकदम उतरतो. येथें मोठीं माणसेंसुद्धां मनांत चरकतात. वास्तविक चढण्यासाठीं लावलेला जोर थोडा कमी केलेला असतो, दुसरें कांहीं नाहीं. उतरतांना चाकें पुन्हां बाहेर येतात, जमिनीला टेकतांना धक्का बसतो, आणि नंतर सर्वांत मोठी गर्जना होते, ती थांबण्यासाठीं. हे सर्व आवाज क्रमानें तोंडानें काढून दाखवावे आणि मुलाकडून काढवून घ्यावे. शेजारीं काय म्हणतील याची पर्वा करूं नये.

शौचकूपांतील आवाज मात्र या मालिकेंत विसरला जातो. तेथें पाण्याऐवजीं हवेच्या जोरदार ओढीनें सारें साफ होतें, आणि त्या स्फोटासारख्या आवाजानें भ्यालेलें मूल उरलेल्या प्रवासांत तेथें पाऊल टाकीत नाहीं. आधीं झांकण लावावें, मुलाला दाराशीं घ्यावें, मग कळ दाबावी. धीट मुलाला ती स्वतः दाबूं द्यावी.

"पण तें पडत कां नाहीं?" हा प्रश्न येणारच, आणि त्याला संक्रांतींतील पतंग फार उपयोगी पडतो. पतंग किंचित् तिरपा असतो. वारा त्याला आपटून खालीं वळतो व पतंगाला वर रेटतो. वारा पडला कीं पतंग पडतो. विमानाला वाऱ्याची वाट पाहावी लागत नाहीं. तें इतक्या वेगानें धांवतें कीं पंखांपुरता वारा स्वतःच निर्माण करतें. त्यासाठींच ती लांबलचक धांवपट्टी आणि ती गर्जना. पांच वर्षांच्या मुलाला एवढें पुरतें, आणि तें खरेंही आहे.

कानांचें दुखणें ही या प्रवासांतील खरी शारीरिक व्यथा. खंडाळ्याचा घाट मोटारीनें चढतां-उतरतांना कानांत दडे बसतात, तोच हा प्रकार. विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जातें. तेथील हवा श्वास घेण्याच्या कामाची नाहीं, म्हणून आंतील हवेचा दाब कृत्रिम रीतीनें वाढविलेला असतो. तरीही तो सुमारें १८०० ते २४०० मीटर उंचीवरील दाबाइतकाच राहतो. कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर आहे. म्हणजे मूल खुर्चींत बसल्या बसल्या अर्ध्या तासांत कळसूबाईहून उंच चढतें आणि तितक्याच वेळांत उतरतें. कानाच्या पडद्यामागची पोकळी एका बारीक नळीनें घशाशीं जोडलेली आहे. गिळतांना वा जांभई देतांना ती नळी उघडते आणि दोन्हीं बाजूंचा दाब सारखा होतो. लहान मुलांची ही नळी अरुंद व आडवी असते, म्हणून त्यांना त्रास अधिक. चढतांना पोकळींतील हवा आपोआप बाहेर निसटते. उतरतांना ती आंत शिरावयास कष्ट पडतात. तेव्हां जपावयाचें तें मुख्यतः उतरतांना, आणि उतरणें हें जमीन दिसूं लागण्यापूर्वींच, सुमारें अर्धा तास आधीं, सुरू होतें. तान्ह्या मुलाला त्या वेळीं अंगावर पाजावें किंवा बाटली द्यावी. मोठ्याला घोट घोट पाणी द्यावें. झोपलेलें मूल गिळीत नाहीं. म्हणून कितीही वाईट वाटलें तरी त्या वेळीं त्याला जागें करावें. सर्दी-पडसें किंवा कानाचें दुखणें असेल तर निघण्यापूर्वीं डॉक्टरांना विचारणें आवश्यक आहे. मूल गप्प राहावें म्हणून त्याला झोपेचें किंवा सर्दीचें औषध पाजण्याची युक्ति मात्र डॉक्टरांवांचून कदापि करूं नये. कित्येक मुलें त्या औषधानें झोपण्याऐवजीं अधिकच चिडतात.

खाण्याचा प्रश्न सोपा आहे. निघतांना पोट गच्च भरूं नये, रिकामेंही ठेवूं नये; मऊभात किंवा इडली चांगली. एक कपड्यांचा जोड हातच्या पिशवींत असावा.

पट्ट्याच्या बाबतींत मुलाशीं वाटाघाट नको. दोन वर्षांखालील मुलाला आईच्या मांडीवर बसवितात व त्याच्यासाठीं निराळा जोडपट्टा देतात. त्यापुढील मुलाला स्वतंत्र जागा घ्यावी लागते. अमेरिकेचें विमानवाहतूक खातें तर पालकांना आग्रहानें सांगतें कीं, तान्ह्या मुलालाही त्याच्या मापाच्या मान्यताप्राप्त आसनांतच बांधावें, कारण जोराच्या हिसक्यांत हातांची पकड टिकत नाहीं. ता. २१ मे २०२४ रोजीं लंडनहून सिंगापुरास निघालेलें एक विमान म्यानमारवर असतां हवेच्या खळबळींत सांपडलें. ज्यांनीं पट्टे बांधले नव्हते ते जागेवरून वर फेकले गेले, अनेकांना दुखापती झाल्या आणि एका प्रवाशाचा अंत झाला. ही हकीकत मुलासाठीं नव्हे, बाप स्वतः पट्टा सोडून बसतो त्याच्यासाठीं आहे. मुलाला एवढेंच सांगावें कीं, आकाशांतील वाटेलाही खांचखळगे असतात. जागांविषयीं आणखी एक सोय झाली आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारीं जागा मिळाली पाहिजे, असा आदेश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें एप्रिल २०२४ मध्यें दिला. तरीही तिकीट काढतांनाच जागा पाहून घेणें बरें.

आतां सर्वांत अवघड प्रश्न. ता. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबाद येथें लंडनला निघालेलें विमान उड्डाण होतांच कोसळलें. आंतील २४२ जणांपैकीं २४१ जण गेले आणि जमिनीवरीलही कित्येक. तीं दृश्यें घराघरांतून दिवसेंदिवस दाखविलीं गेलीं, आणि मुलें तेथेंच खेळत होतीं. अशा मुलानें "आपलें विमान पडेल का?" असें विचारलें तर काय सांगावें? "छे, विमान कधींच पडत नाहीं," असें बहुतेक आईबाप म्हणतात. पण मुलानें तें पाहिलेलें आहे. त्या उत्तरानें त्याची भीति जात नाहीं. आईला खरें ठाऊक नाहीं किंवा ती खरें सांगत नाहीं, एवढेंच त्याला कळतें. आणि पुढें कान दुखतांना "आतां बरें वाटेल" असें तीच आई म्हणेल, तेव्हां त्यानें कशावर विसंबावें? त्याऐवजीं सांगावें तें असें: "हो, एकदां तसें झालें होतें. फार वाईट झालें. पण तसें अगदीं क्वचित् होतें. रोज कितीतरी विमानें जातात आणि सुखरूप उतरतात. पुढें दोन वैमानिक असतात, आणि निघण्यापूर्वीं विमान तपासलें जातें." मोठ्यांनीं आपल्या समाधानासाठीं हेंही ध्यानांत घ्यावें कीं, २०२४ या एका वर्षांत देशांतर्गत विमानांतून सोळा कोटींहून अधिक लोकांनीं प्रवास केला. उत्तर देतांना आवाज शांत असावा व हातांतलें काम चालू असावें. मुलानें पुन्हां विचारलें तर पुन्हां तेंच सांगावें. आपल्याकडून होऊन अधिक तपशील पुरवूं नये.

शक्य तर खिडकीची जागा मुलाला द्यावी. मुंबईहून विमान बहुधा पश्चिमेस समुद्राकडे झेप घेतें व मग वळतें. वळतांना एक पंख खालीं जातो आणि खिडकींत नुसतें पाणी दिसूं लागतें. हें वळण आहे, पडणें नव्हे, असें त्या वेळीं हलकेंच सांगावें. तेथून जवळच जुहूचें जुनें विमानतळ आहे, जेथें ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका लहानशा विमानांतून उतरले. पांच वर्षांच्या मुलाला या गोष्टींत रस वाटेल, पण तो वैमानिकापेक्षां त्या थैल्यांत अधिक वाटेल. ढगांवर आल्यावर पहिलीं दहा मिनिटें मूल मुग्ध होतें; मग त्याला कंटाळा येतो. यांत कृतघ्नता नाहीं. त्यासाठीं कागद, रंगखडू आणि एक जुनें, वाचून पाठ झालेलें चित्रांचें पुस्तक जवळ असावें. ओळखीच्या गोष्टींत त्याला जो आधार वाटतो तो नव्या खेळण्यांत वाटत नाहीं.

इतकें करूनही मूल रडलें तर रडूं द्यावें, जवळ घ्यावें, आणि पुढच्या खुर्चींतील गृहस्थाच्या त्रासिक नजरेसाठीं त्याला चिमटा काढूं नये. तो गृहस्थही कधींकाळीं याच वयाचा होता.

आजीच्या घरीं पोहोंचल्यावर मूल सारी हकीकत सांगूं लागेल. त्यांत विमान इंद्रधनुष्यावरून गेलें असेल आणि कुत्रा सबंध वाटभर भुंकला असेल. तें आजोबांनीं दुरुस्त करूं नये. आईनें मात्र ऐकत असावें. एखादी जागा मूल दर वेळीं वगळतें किंवा तेथें आवाज बारीक करतें. परतीच्या तिकिटाला आठ-दहा दिवस असतील, तेवढ्यांत त्या जागेचा खेळ आजीच्या खुर्च्यांवर पुन्हां मांडतां येतो.